पट्ट्यांची होडी, जुना साग आणि बडोद्याचे ऋतू

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात राहत्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, दोन माणसांची चौदा फुटी वल्ह्याची होडी लाकडी पट्ट्या जोडून बनवायची आहे. जुने घर पाडताना निघालेले सागाचे वासे आपल्याकडे आहेत. त्यांच्याच पट्ट्या काढाव्यात का, त्या कोणत्या गोंदाने जोडाव्यात, आणि आता फाल्गुनात काम सुरू केले तर पावसाळ्यापूर्वी होडी पाण्यात उतरेल का, असे आपण विचारले आहे.

मी मकरपुऱ्यात ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे धातू ओतण्याचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, बनवण्याचे काम तीस वर्षे केले, आणि निवृत्तीनंतर घरी अशा चार होड्या बांधल्या. त्यांतली पहिली मी जवळजवळ आपल्याच पद्धतीने सुरू केली होती, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने लिहीत आहे. आपण लाकूड आणि गोंद विचारला आहे. मात्र त्याआधी ही होडी कशाच्या बळावर टिकते हे समजले पाहिजे. ते समजले की सागाचा निर्णय आपोआप होतो आणि कामाचे वेळापत्रकही पुष्कळसे ठरते.

कच्छमधल्या मांडवीला जी लाकडी जहाजे बांधतात, त्यांत जाड फळ्या आणि आतला वाशांचा सांगाडा हेच सगळे बळ असते. पट्ट्यांच्या होडीत सांगाडा नसतोच. साधारण ६ मिलिमीटर जाड आणि २० मिलिमीटर रुंद पट्ट्या तात्पुरत्या फर्म्यांवर, म्हणजे होडीच्या आडव्या छेदाच्या आकारात कापलेल्या साच्यांवर, एकीला एक चिकटवत नेतात, त्यातून एक पातळ कवच तयार होते, आणि त्या कवचाला बाहेरून व आतून फायबर ग्लासचे कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून चढवतात. फर्मे नंतर काढून टाकतात. पट्टी तिच्या रेषांच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने मजबूत असते, पण आडव्या दिशेने ६ मिलिमीटर लाकूड हाताने दाबले तरी चिरते. ही आडवी ताकद कापड देते. दोन्ही कापडांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणे हे मधल्या लाकडाचे मोठे काम असते, आणि त्या अंतरामुळेच कवच ताठ राहते. म्हणून आतल्या बाजूला कापड न लावता नुसते पॉलिश करावे, हा मोह टाळावा. आत कापड नसेल, तर बाहेरून दगडाचा धक्का बसला की आतल्या बाजूचे लाकूड ताणले जाऊन फाटते.

आता सागाकडे वळू. सागाचा टिकाऊपणा निर्विवाद आहे. मुंबईत १८१७ साली मलबारी सागाने बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे. मात्र तो टिकाऊपणा उघड्या, जाड, पाणी झेलणाऱ्या लाकडाचा आहे. आपल्या होडीत लाकूड दोन्ही बाजूंनी रेझिनखाली बंद होणार असल्यामुळे सागाचा हा गुण तिथे वापरलाच जात नाही. वजनाचा फरक मात्र मी फुगवून सांगणार नाही. चौदा फुटांच्या कवचाचे क्षेत्रफळ सव्वाचार चौरस मीटरच्या आसपास धरले, तर ६ मिलिमीटर जाडीने लाकूड साधारण २६ लिटर आकारमानाचे लागते. साग घनमीटरला ६५० किलोच्या आसपास असतो, म्हणजे सतरा किलो, आणि ४५० किलोचे हलके लाकूड घेतले तर बारा किलोंहून थोडे कमी. पाच किलोंसाठी घरचे लाकूड नाकारावे असे मी म्हटले नसते. अडचण सागाच्या तेलकटपणाची आहे. या होडीचे सगळे बळ लाकूड आणि रेझिन यांच्या पकडीवर उभे आहे, आणि सागातले नैसर्गिक तेल नेमकी तीच पकड कमजोर करते. चिकटवण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसून घेतले तर साग चिकटतो, पण सव्वाचार चौरस मीटर पृष्ठभाग आतून-बाहेरून पुसत, तेल पुन्हा वर येण्याच्या आत कापड चढवणे हे नवख्या माणसाने अंगावर घेण्याचे काम नाही. त्याशिवाय जुन्या वाशांत तुटलेले खिळे दडलेले असतात, सागातल्या सिलिकामुळे पात्याची धार लवकर जाते, आणि लांब सरळ रेषांचे तुकडे त्यातून थोडेच निघतात.

तरीही ते वासे देऊन टाकू नका. होडीच्या वरच्या काठाची पट्टी, नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, आतला वाकवलेला तुकडा आणि बैठकांच्या चौकटी यांना घासणारे, धक्के खाणारे लाकूड लागते. तिथे साग उत्तम, आणि क्षेत्रफळ लहान असल्यामुळे अ‍ॅसिटोनने पुसून काम करणेही जमते.

पट्ट्यांसाठी आपल्या भागात सहज मिळणारे लाकूड म्हणजे कांडला-गांधीधाममार्गे येणारे आयात पाइन. वखारीत स्वतः उभे राहून गाठी नसलेले, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावणारे तक्ते निवडावेत. दुकानदार वैतागला तरी चालेल. तून नावाच्या झाडाचे लाकूड मिळाले तर आनंदाने घ्यावे. कॅनडाचे वेस्टर्न रेड सीडार याहून हलके, घनमीटरला ३७० किलोच्या जवळपास असते आणि जगभर या कामासाठी तेच पहिल्या पसंतीचे आहे. मात्र ते महाग पडते आणि पहिल्या होडीला आवश्यक नाही. खरेदी करताना करवतीची घट मोजायला विसरू नका. ६ मिलिमीटरच्या प्रत्येक पट्टीमागे ३ मिलिमीटर भुसा होतो, म्हणजे एक तृतीयांश लाकूड झाडून टाकावे लागते. होडीच्या मध्यावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचा घेर १२० सेंटिमीटर असेल आणि गोल-खोल कडांमुळे (प्रत्येक पट्टीची एक कड गोल आणि दुसरी खोलगट तासतात, म्हणजे एकीची गोल कड शेजारणीच्या खोल कडेत बसते) प्रत्येक पट्टी प्रत्यक्षात १८ मिलिमीटरच झाकत असेल, तर ६७ पट्ट्या लागतात. मोडतोड धरून ८० काढाव्यात. इतक्या पातळ, सारख्या पट्ट्या इथल्या बेन्साच्या, म्हणजे लाकूड फाडण्याच्या यंत्र-करवतीच्या, मोठ्या पात्यावर निघत नाहीत. तक्ते तिथे फाडून २० मिलिमीटर जाडीला रंधून आणावेत, आणि पट्ट्या बारीक पात्याच्या टेबल सॉवर एका चांगल्या सुताराला सोबत घेऊन काढाव्यात. साडेचार मीटरचे अखंड तक्ते क्वचित मिळतात, त्यामुळे पट्ट्यांना सांधे येतील. सांधा तिरका, जाडीच्या आठपट लांब ठेवावा, आणि शेजारच्या पट्ट्यांचे सांधे एकाच जागी येऊ देऊ नयेत.

गोंदाचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. दोन पट्ट्यांच्या कडा जोडायला फेव्हिकॉल मरीनसारखा पाण्यात टिकणारा पांढरा गोंद पुरेसा आहे, कारण तो शेवटी रेझिन आणि कापडाखाली बंद होतो. कापडासाठी मात्र इपॉक्सीच हवे. बडोद्यात फायबरच्या टाक्या आणि पत्रे बनवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे गेलात तर ते चांगल्या हेतूनेच पॉलिस्टर रेझिन आणि तंतूंची चटई देतील. पॉलिस्टर लाकडाला नीट धरत नाही, काही वर्षांत पापुद्र्यासारखे सुटते; आणि ती चटई ज्या बंधकाने एकत्र राहते तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. आपल्याला साध्या विणीचे, चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे कापड घ्यायचे आहे. ते नीट भिजले की पूर्ण पारदर्शक होते आणि खालचे लाकूड स्वच्छ दिसते.

ज्या भागाविषयी आपण काहीच विचारले नाही, त्यावर मी सर्वांत जास्त भर देईन, आणि तो म्हणजे फर्मे. होडीचा आकार पट्ट्या ठरवत नाहीत, फर्मे ठरवतात. आराखडा अनुभवी रचनाकाराचा विकत घ्यावा. स्वतः आखू नये. त्यात साधारण दर ३० सेंटिमीटरवर एक आडवा छेद दिलेला असतो, म्हणजे आपल्या होडीला तेरा-चौदा फर्मे लागतील. ते १८ मिलिमीटर प्लायवूडमधून कापावेत. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली अशी की, आराखड्यातली मापे पट्ट्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागाची आहेत की आतल्या, हे कोणी पाहत नाही. बाहेरची असतील तर पट्टीची जाडी फर्म्यातून वजा करावी लागते, आणि तीही आडवी न मोजता पृष्ठभागाला काटकोनात मोजून. दुसरी चूक फर्मा उभा करताना होते. होडी दोन्ही टोकांकडे निमुळती होत जाते, त्यामुळे छेदाच्या रेषेवर फर्म्याची टोकाकडची बाजू यावी आणि त्याची १८ मिलिमीटर जाडी नेहमी होडीच्या मध्याकडे राहावी. उलटे केले तर प्रत्येक फर्म्याची पुढची कड पट्टीला बाहेर ढकलते आणि होडी बरगड्या असल्यासारखी दिसते. ओतकामात आम्ही पॅटर्नमधली अर्ध्या मिलिमीटरची चूक सोडत नसू. इथे तितका काटेकोरपणा नको, पण २ मिलिमीटरचा उंचवटा वार्निश चढल्यावर दहा पावलांवरून दिसतो, आणि तो घासून काढायला लाकूडच सहा मिलिमीटर असते.

फर्मे ज्या पायावर उभे राहतात, तो प्लायवूडच्या पट्ट्यांची लांब पेटी करून बनवावा आणि गच्चीच्या उतारावर विसंबू नये, कारण प्रत्येक गच्चीला पाण्याचा ढाळ असतो. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी घ्यावी, मध्यरेषेसाठी मासेमारीची दोरी ताणावी, प्रत्येक फर्मा ओळंब्याने तपासावा. मग एक लांब, लवचिक, निर्दोष पट्टी सर्व फर्म्यांवरून वेगवेगळ्या उंचीवर वाकवून ठेवावी आणि टोकाला एक डोळा मिटून तिच्याकडे पाहावे. जिथे ती फर्म्याला टेकत नाही तिथे पातळ चकती चिकटवावी, जिथे फर्मा तिला उचलतो तिथे रंधा फिरवावा. हे काम दोन दिवसांचे वाटते. मला पहिल्या खेपेस नऊ दिवस लागले आणि ते नऊ दिवस होडीवर आजही दिसतात. शेवटी फर्म्यांच्या कडांना पॅकिंगची चिकटपट्टी लावावी, नाहीतर गोंद झिरपून होडी फर्म्यालाच चिकटून बसते.

पट्ट्या चढवण्याचे काम संथ आणि सुखाचे आहे. खोल कड वरच्या बाजूला ठेवावी म्हणजे गोंद तिच्यात थांबतो. दिवसाला प्रत्येक बाजूला तीन-चार पट्ट्यांपेक्षा जास्त घाई करू नये, आणि दोन्ही बाजू सोबत वाढवाव्यात, नाहीतर फर्मे एका बाजूला ओढले जातात. तळाच्या मध्यावर शेवटची पट्टी बसवताना प्रत्येक टोक वेगळे तासावे लागते. तिथे एक संध्याकाळ जाऊ द्यावी.

आता वेळापत्रक. माझ्या मते आपल्या सगळ्या प्रश्नांत हाच सर्वांत निर्णायक आहे, आणि त्याचे स्पष्ट उत्तर असे की या उन्हाळ्यात होडी पूर्ण करण्याचा प्रयत्न करू नये. तापमान दहा अंशांनी वाढले की इपॉक्सी हाताळायला मिळणारा अवधी साधारण निम्मा होतो. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखाली तो त्याहूनही वर असतो. पंचवीस अंशांना अर्धा तास देणारे मिश्रण तिथे दहा मिनिटांत घट्ट होते आणि भांड्यात जास्त असेल तर धुमसते. त्याहून सूक्ष्म गोष्ट लाकडातल्या हवेची आहे. लाकूड तापत असताना त्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे होऊन बाहेर पडते. पहिल्या होडीला मी मार्चमधल्या एका सकाळी अकरा वाजता कापड लावले. दुपारी दोनपर्यंत नाळेपासून मध्यापर्यंत टाचणीच्या टोकाएवढी शेकडो छिद्रे उमटली होती, आणि ते सगळे घासून पुन्हा भरण्यात माझे तीन आठवडे गेले. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: लाकूड दिवसभर तापू द्यायचे आणि तापमान उतरू लागले की सुरुवात करायची, म्हणजे आकुंचन पावणारी हवा रेझिनला आत ओढून घेते. जानेवारीत हा मुहूर्त दुपारी तीन-साडेतीनला येतो. भिजवण्याचे काम अंधार पडण्याच्या आत संपले पाहिजे, आणि रात्रीच्या दवापासून बचावासाठी शेडच्या उघड्या बाजूंना ताडपत्री हवी.

पावसाळा दुसऱ्या बाजूने त्रास देतो. उन्हाळ्याच्या अखेरीस लाकडात आठ टक्के ओलावा असेल आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो चौदावर गेला, तर लाकूड आडव्या दिशेने एक टक्क्याच्या आसपास फुगते. म्हणजे १२० सेंटिमीटर घेरात जवळपास १२ मिलिमीटर. अर्धवट, कापड न चढवलेले कवच फर्म्यांवर पावसाळाभर ठेवले तर हे बारा मिलिमीटर कुठेतरी जागा शोधतातच. पट्ट्या उचलल्या जातात किंवा सांधे सुटतात. शिवाय दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, आणि तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात चढवला तर तो सुटतो.

म्हणून माझी सूचना अशी की चैत्र-वैशाखात आराखडा मागवावा, लाकूड निवडून शेडमध्ये हवा खेळेल अशा थप्पीत ठेवावे, आणि पावसाळ्यात फर्मे व वल्ही करावीत. पट्ट्या दिवाळीनंतर, ओलावा मोजून, बारा टक्क्यांच्या खाली आल्यावर काढाव्यात. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्ची पतंगांसाठी लागणारच आहे, तेव्हा त्याआधी घासकाम संपवावे. त्यानंतरच्या आठवड्यात बाहेरचे कापड आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आतले. मला पहिल्या होडीला सुमारे तीनशे तास लागले. आपल्याला किती लागतील, हे आपण रोज बसणार की फक्त रविवारी, आणि सोबत दुसरे कोणी असेल की नाही यावर अवलंबून आहे. कापडाच्या दिवशी मात्र दुसरा माणूस हवाच, कारण एकाने मिश्रण करायचे असते आणि दुसऱ्याने पसरायचे. मिश्रणाचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असेल तेच वजनकाट्यावर घ्यावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारा दुसरा घटक, वाढवला तर रेझिन कधीच पूर्ण कडक होत नाही. नायट्राइलचे हातमोजे पहिल्या थेंबापासून घालावेत आणि त्वचेला लागलेले रेझिन थिनरने कधीही पुसू नये, कारण इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की ती जन्मभर राहते आणि या कामाला कायमचा रामराम करावा लागतो. इपॉक्सी उन्हाने पिवळे पडून भुसभुशीत होते, म्हणून वर अतिनील किरण रोखणाऱ्या वार्निशचे किमान तीन हात द्यावेत. आणखी एक गोष्ट आजच मोजून घ्या: ही होडी मध्यावर ऐंशी-नव्वद सेंटिमीटर रुंद आणि सव्वाचार मीटर लांब होईल, ती गच्चीवरून जिन्याने उतरते का, की कठड्यावरून दोरांनी सोडावी लागेल.

पाण्याविषयीही लिहिले पाहिजे. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरात हरणी तलावात नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. बडोद्यात होडी बांधणाऱ्या माणसाने हे क्षणभरही विसरू नये असे मला मनापासून वाटते. आपली होडी दोघांची आहे. तिसरे मूल मांडीवर घेऊनही बसवू नये. लाकडी होडी बुडत नाही हा समज अर्धाच खरा आहे. बारा किलो हलके लाकूड पाण्यात जेमतेम चौदा-पंधरा किलो उचलते, आणि त्यातले काही काचेचे कापड व रेझिनच खाऊन टाकतात. पाण्याने भरलेली होडी तरंगेल, पण तिला धरून राहिलेल्या दोन माणसांना आधार देणार नाही. म्हणून दोन्ही टोकांना चाळीस-पन्नास लिटरचे बंद हवाबंद कप्पे करावेत, आणि पहिल्याच दिवशी कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम भरून पाहावी. विश्वामित्री नदीत ती उतरवू नये, कारण तिथे मगरी आहेत, आणि शहरातला पूल ओलांडताना त्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. आजवा सरोवरात होडी चालवण्याचे आपले स्वप्न मला समजते, पण तिथेही मगरी आहेत आणि ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचे सरोवर आहे. ज्यांच्या ताब्यात पाणी आहे त्यांची लेखी परवानगी मिळेल का, हे लाकूड विकत घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण होडी कुठे चालणार यावर आराखड्याची निवडही अवलंबून असते.

सागाविषयी माझ्या शब्दावर विसंबण्यापेक्षा एक प्रयोग आपणच करावा, त्यातले हातचे काम एका संध्याकाळचे आहे. पाइनच्या आणि सागाच्या पट्ट्यांचे वीतभर लांब-रुंद असे दोन तुकडे जोडावेत, दोन्ही बाजूंना कापड चढवावे, आठवडाभर कडक होऊ द्यावे आणि मग आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवावे. नंतर पटाशीने एका कोपऱ्यातून कापड उचकटावे. कापडाला लाकडाचे तंतू चिकटून आले तर पकड लाकडापेक्षा मजबूत आहे, ते लाकूड निर्धास्त वापरावे. कापड स्वच्छ, चकचकीत सुटून आले तर ते लाकूड किंवा ती पद्धत होडीत जाऊ देऊ नये. सागाचा तुकडा दोनदा करावा, एकदा अ‍ॅसिटोनने पुसून आणि एकदा न पुसता, आणि तिन्ही तुकड्यांवर तारीख व त्या वेळचे तापमान पेन्सिलीने लिहून ठेवावे.